पाते कुणाचे, भट्टी कुणाची?

साम्राज्यशाहीने आफ्रिका खंडातून काय काय नेले याची यादी करावयास बसले की माणसे, सोने, हस्तिदंत, रबर, तांबे अशी नावे भराभर पुढे येतात. लोखंड गाळण्याची आणि पाते घडविण्याची विद्या या यादीत सहसा नसते. ती नसण्याचे कारण उघड आहे. जी विद्या आफ्रिकी माणसाजवळ होती हेच मुळात नाकारले गेले, ती नष्ट केली गेली असा आरोप कोण आणि कशाच्या आधारे करणार? गुन्हा लपविण्याची ही रीत फार जुनी आहे. ज्याला लुबाडले त्याच्याजवळ काही नव्हतेच असे एकदा ठरवून टाकले, म्हणजे पंचनाम्याची गरजच उरत नाही.

युरोपातील जुन्या वस्तुसंग्रहालयांच्या आफ्रिकी दालनांत पात्यांची उणीव नाही. विळ्यासारखी वळलेली, पानासारखी रुंद, तीन-चार फाटे फुटलेली, तांब्याच्या तारेने मुठी गुंडाळलेली अशी असंख्य पाती तेथे मांडलेली आहेत. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे. तीवर जमातीचे नाव असते, नदीचे असते, ज्या गोऱ्या अधिकाऱ्याने वा मिशनऱ्याने ते पाते आणले त्याचेही बहुधा असते. घडविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच सापडते. ‘फेकण्याचा सुरा’, ‘जल्लादाची तलवार’ अशी वर्णने वाचून पाहणाऱ्याच्या मनात एवढेच ठसते की, हे लोक रानटी होते, एकमेकांची डोकी उडवीत होते, आणि गोऱ्यांनी येऊन ते थांबविले.

चिठ्ठी काय लपविते

काँगोच्या कासाई भागातील कुबा राज्याची परंपरा याच्या अगदी उलट सांगते. सतराव्या शतकातील श्याम नावाच्या राजाने फेकण्याच्या सुऱ्यावर बंदी घातली आणि त्याऐवजी ‘इकुल’ हा रुंद पात्याचा, शांततेचे चिन्ह मानला गेलेला सुरा कमरेला बाळगण्याची चाल पाडली, अशी ही परंपरा आहे. ती कुणा आफ्रिकी राष्ट्रवाद्याने मागाहून रचलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश म्युझियमसाठी वस्तू गोळा करीत हिंडणाऱ्या एमिल तोर्दाय या हंगेरियन प्रवाशानेच ती नोंदवून ठेवली. कुबा राजांच्या प्रसिद्ध काष्ठमूर्तींपैकी एकीत राजापुढे ऐरण कोरलेली आहे. ज्या राज्यात राजा आपली ओळख ऐरणीने करून देतो, तेथे लोहारकामाला काय प्रतिष्ठा असेल हे सांगावयास नको.

किसांगानीच्या आसपासच्या काँगो खोऱ्यात माणसाच्या उंचीची पाती घडविली जात. त्यांनी काहीही कापले जात नसे. ते चलन होते. विवाहातील वधूमूल्य आणि मोठे व्यवहार त्यांत चुकते होत. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया यांच्या सीमाभागात किस्सी लोकांची पीळ दिलेली लोखंडी सळई विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पैसा म्हणून चालत होती. ती मोडली तर तिचा प्राण गेला असे मानीत, आणि विधिपूर्वक जोडून घेतल्याखेरीज ती पुन्हा व्यवहारात येत नसे. याला भाबडी समजूत म्हणून हसणाऱ्याने थोडा अर्थशास्त्रीय विचार करावा. ज्या समाजात गावचा लोहार चलन घडवितो आणि त्याची दुरुस्तीही करतो, त्या समाजाचा पैसा परक्याच्या टांकसाळीवर अवलंबून नसतो. वसाहतवादी सत्तेला हे चलन का नकोसे झाले, याचे उत्तर येथेच आहे.

पात्यांनी माणसे मारली गेलीच नाहीत, असे नाही. तशी ती शेफील्डच्या पात्यांनीही मारली गेली. प्रश्न एवढाच की, शेफील्डचे पाते कारागिरीच्या इतिहासात का आणि काँगोचे पाते रानटीपणाच्या पुराव्यात का?

अज्ञान की सोय?

गोऱ्या माणसाला ठाऊकच नव्हते, सबब त्याचे अज्ञान क्षम्य आहे, असा बचाव अनेक उदारमतवादी मंडळी करतात. पुरावा या बचावाच्या विरुद्ध आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या झांबेझी मोहिमेचा वृत्तांत १८६५ साली प्रसिद्ध झाला. तेथील लोक आपल्या लोखंडापुढे इंग्रजी लोखंड सडके समजतात, आणि तेथून नेलेल्या कुदळी बर्मिंगहॅमला तपासल्या असता त्यांचे लोखंड उत्तम स्वीडिश लोखंडाच्या जवळपास ठरले, असे त्यात नमूद आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्वाइनफुर्थ हा १८७० च्या सुमारास मांगबेटू लोकांत जाऊन आला. त्यांच्या धातुकामाची त्याने मुक्तकंठाने स्तुती केली आणि १८७५ साली आफ्रिकी कलाकौशल्यावर सचित्र ग्रंथ काढला. त्याच श्वाइनफुर्थने त्याच लोकांच्या नरमांसभक्षणाच्या कथा युरोपभर पसरविल्या. युरोपने कथा उचलल्या, कारागिरी विसरली.

याच सुमारास इंग्लंडात जनरल पिट रिव्हर्स जगभरची हत्यारे साध्यापासून गुंतागुंतीच्या रूपापर्यंत ओळीने मांडीत होता. ही मांडणी म्हणजेच मानवी प्रगतीची शिडी, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा संग्रह १८८४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या वाटणीसाठी युरोपीय सत्तांची परिषद भरली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याची आवश्यकता नाही. ज्याला जमीन घ्यावयाची होती त्याला शिडी उपयोगी पडली, एवढे म्हटले तरी पुरे. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला ‘वर आणण्याच्या’ नावाखाली त्याच्या खाणी, जंगले आणि श्रम ताब्यात घेता येतात.

भट्टीची साक्ष

लोखंड गाळणे हे हातघाईचे काम नाही. खनिज ओळखावे लागते, लाकूड निवडून त्याचा लोणारी कोळसा पाडावा लागतो, न तडकणाऱ्या मातीची भट्टी उभी करावी लागते. भात्याची हवा मातीच्या नळ्यांतून योग्य त्या जागी पोहोचवावी लागते, आणि धातू न वितळताच मळी वाहून जाऊन स्पंजासारखा गोळा मागे राहील इतपतच ताप तासन् तास टिकवावा लागतो. मग घणाखाली त्या गोळ्यातील उरलीसुरली मळी काढून पाते घडवावयाचे. यांतील एक अंदाज चुकला तरी दिवसांची मेहनत राखेत जाते. तापमापक आणि प्रयोगशाळा नसताना हे ज्ञान हात, डोळा आणि कान यांत साठवून पिढ्यान् पिढ्या चालविले गेले.

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या टांझानियात, हाया लोक राहतात. त्यांच्या वृद्ध कारागिरांनी अनेक दशके बंद पडलेली भट्टी १९७६ साली स्मरणाने पुन्हा उभारली. दलदलीतील गवत जाळून त्याचा थर भट्टीच्या खड्ड्यात घातला आणि त्यातील कर्बाच्या योगाने पोलाद काढून दाखविले. पीटर श्मिट आणि डोनाल्ड अ‍ॅव्हरी यांनी १९७८ साली हे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच परिसरातील दीड ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या भट्ट्यांशी त्याचा संबंध त्यांनी जोडला. नळ्या भट्टीत खोलवर गेल्यामुळे हवा आधीच तापते, या त्यांच्या स्पष्टीकरणावर इतर धातुशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि ते घेणे शास्त्राला धरूनच आहे. परंतु वृद्धांनी पोलाद काढले, याविषयी वाद नाही.

बुर्किना फासोमधील प्राचीन लोहभट्ट्यांच्या पाच स्थळांना युनेस्कोने २०१९ साली जागतिक वारशात स्थान दिले. त्यांपैकी दुरुला येथील पुरावा इसवी सनापूर्वी आठव्या शतकापर्यंत मागे जातो. आफ्रिकेने हा शोध स्वतंत्रपणे लावला की तो बाहेरून आला, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण ‘बाहेरून आला’ एवढ्यावरून कमीपणा सिद्ध करू पाहणाऱ्यांना एक प्रश्न विचारावा लागेल. लोखंडाचा शोध इंग्लंडने तरी कुठे लावला? तेथेही ती विद्या बाहेरूनच आली. म्हणून शेफील्डचा गौरव कुणी नाकारतो काय?

उत्तर सामोरी तुरेच्या लोहारांनीही दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या गिनीच्या मुलखात, सामोरीने फ्रेंचांशी वर्षानुवर्षे झुंज दिली. १८९० च्या ब्रुसेल्स कराराने आफ्रिकेच्या फार मोठ्या पट्ट्यात आधुनिक बंदुकांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा सामोरीच्या पदरी असलेल्या शेकडो लोहारांनी एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या फ्रेंच बंदुका उकलून, समजून घेऊन तशाच हाताने घडविल्या. त्यांची संख्या युद्धाचे पारडे फिरविण्याइतकी नव्हती; १८९८ साली सामोरी पकडला गेला आणि १९०० साली हद्दपारीत मरण पावला. तथापि, ज्यांना ‘आदिम’ म्हणावयाचे त्यांच्या ऐरणीवर समकालीन युरोपचे यंत्र उतरले होते. साम्राज्याला या लोहाराची भीती वाटत होती. भीती वाटत होती म्हणूनच त्याला नगण्य ठरविणे भाग होते.

लोहार उरला, भट्टी विझली

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. खनिजापासून लोखंड काढणारा भट्टीवाला निराळा, आणि तयार लोखंडापासून वस्तू घडविणारा लोहार निराळा. काही ठिकाणी दोन्ही कामे एकच माणूस करी, पण कामे दोन आहेत. वसाहतवादाने मुख्यतः पहिल्याला मारले. दुसरा उरला, पण परावलंबी होऊन उरला.

या परावलंबनाची सुरुवात गुलामांच्या व्यापारापासून झाली. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपी जहाजे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लोखंडी पट्ट्या घेऊन येत. त्यांतील पुष्कळ लोखंड स्वीडनचे असे आणि या व्यापारासाठी ठराविक मापात तयार केले जाई. पट्ट्या उतरत आणि माणसे चढविली जात. वॉल्टर रॉडनीने आपल्या १९७२ च्या ग्रंथात जो मुद्दा हिरीरीने मांडला तो हाच: व्यापार समानांत होतो असे पुस्तकात असते, येथे एका बाजूने वस्तू जात होती आणि दुसऱ्या बाजूने वस्तू निर्माण करणारा माणूसच जात होता.

प्रत्यक्ष राज्य आल्यावर हे काम पुरे झाले. एकोणिसाव्या शतकात टांझानियातील ताबोराच्या बाजारात आसपासच्या मुलखातील लोखंडी कुदळी वर्षाला लाखाच्या वर विकल्या जात, असा तत्कालीन अंदाज आहे. झिंबाब्वेतील वेड्झा डोंगरातील न्जांजा लोकांनी तर खनिज आणण्यापासून कुदळ घडविण्यापर्यंतच्या कामांची वाटणी करून दूरदूरच्या बाजारांसाठी उत्पादन चालविले होते. त्यांच्या कुदळी वधूमूल्यातही चालत. टोगोतील बासार भागातील मळीचे प्रचंड ढीग आजही तेथील उत्पादनाची साक्ष देतात. तेथील भट्ट्या विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत विझल्या. हा सारा व्यवहार मोडण्यास सर्वत्र बंदी-हुकूम काढावा लागला नाही. दक्षिण ऱ्होडेशियात १८९४ साली प्रत्येक झोपडीमागे दहा शिलिंगांचा कर बसला. कर हळूहळू रोख नाण्यातच मागितला जाऊ लागला, आणि ते नाणे लोहाराच्या ऐरणीवर घडत नव्हते. ते मिळत होते गोऱ्यांच्या खाणीत आणि मळ्यावर. भाता ओढणारे तरुण हात तिकडे गेले. दुकानात कारखान्याची कुदळ आली. ती विकत घेण्यासाठी पुन्हा तेच नाणे लागले, आणि पुन्हा खाणीचा रस्ता धरावा लागला.

‘आयात कुदळ स्वस्त होती, ग्राहकाने ती आपखुशीने घेतली, यात जुलूम कुठे?’ असे पाठ्यपुस्तकी अर्थशास्त्र विचारते. त्याला उत्तर आहे. ही कुदळ ज्या वाटांनी आली, त्या रस्ते-लोहमार्गांवर वेठीचे श्रम होते. तिच्या स्पर्धकाचे मजूर कराच्या धाकाने काढून घेतलेले होते. स्पर्धकाच्या मालकीचे सरकार नव्हते, जकात बसविण्याचा अधिकार नव्हता. एका मल्लाचे हात बांधून लढविलेल्या कुस्तीचा निकाल लागतो तो बाहूंच्या बळाचा नसतो.

‘भट्ट्यांनी जंगले खाल्ली, त्या आज ना उद्या विझणारच होत्या,’ असाही एक युक्तिवाद आहे. यात तथ्यांश आहे. लोणारी कोळसा झाडांतूनच येतो आणि काही भागांत त्याचा ताण पडलाही. परंतु इंग्लंडपुढेही हाच प्रश्न होता. अब्राहम डार्बीने १७०९ साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळले, आणि ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यास आणखी कित्येक दशके लागली. इंग्लंडला ती दशके मिळाली. आफ्रिकेला ती मिळू दिली गेली नाहीत, आणि मग तिला मागासलेली ठरविण्यात आले.

गौरवगीताचा धोका

वसाहतवादाचा निषेध करताना जुन्या समाजाची आरती ओवाळण्याचा मोह समाजवाद्यांनी टाळला पाहिजे. पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजात लोहारांचा वर्ग जन्मावर ठरणारा होता आणि विवाहसंबंध त्या वर्गातच होत. लोकांना त्याचा धाकही वाटे आणि दुरावाही. अनेक प्रदेशांत भट्टी ही स्त्रीदेह मानली जाई, तिच्यातून लोखंडाचा ‘जन्म’ होई, आणि हाडामांसाच्या स्त्रीला मात्र त्या भट्टीजवळ येण्यास मज्जाव असे. भट्टीतून निघालेले लोखंड शेतकऱ्याच्या कुदळीत जाई तसेच गुलाम पकडणाऱ्या राजांच्या शस्त्रांतही जाई. हे सारे सांगितलेच पाहिजे. पण हे दोष दूर करणे आफ्रिकी समाजाच्या स्वतःच्या संघर्षाचे काम होते. वसाहतवादाने दोष काढले नाहीत. त्याने भट्टी काढून घेतली आणि वर्गभेद राहू दिला.

भारतीय वाचकानेही येथे तटस्थ प्रेक्षक होऊ नये. अल्-इद्रिसी या भूगोलकाराने ११५४ च्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, पूर्व आफ्रिकेच्या सोफाला किनाऱ्यावरचे लोखंड भारतात जाते आणि भारतीय कारागीर त्यापासून उत्तम तलवारी करतात. ज्या भारतीय पोलादाचा अभिमान मिरविला जातो, त्याच्या कीर्तीत आफ्रिकी भट्टीचाही वाटा होता. पुढे वसाहतकाळात पूर्व आफ्रिकेच्या आतल्या गावांत कारखान्याचा परदेशी माल नेऊन विकणाऱ्या दुकानदारांत भारतीय पुष्कळ होते. आणि मराठीत ‘हबशी’ हा शब्द आजही शिवीसारखा वापरला जातो. पिट रिव्हर्सची शिडी ऑक्सफर्डच्या दालनापुरती राहिलेली नाही.

पाते परत, पण भट्टी?

गेल्या काही वर्षांत लुटीच्या वस्तू परत करण्याची भाषा युरोपात सुरू झाली आहे. तिचे स्वागत केलेच पाहिजे. फ्रान्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये एल हाज उमर ताल याची मानली जाणारी तलवार सेनेगलच्या हाती दिली. या तलवारीची मूठ आफ्रिकी आहे, पाते आल्सेसमधील क्लिंगेंथाल येथे घडलेले. आफ्रिकी राज्ये स्वतंत्र असताना हवे ते पाते पारखून घेत आणि त्याला आपली मूठ बसवीत, ही गोष्ट त्या एका तलवारीत वाचता येते. २०२१ साली आबोमेच्या राजवाड्यातील २६ वस्तू बेनिन देशाला परत मिळाल्या. लोह आणि युद्ध यांचा देव गू याची, आकाती एक्प्लेकेन्दो या कारागिराने युरोपातून आलेल्या भंगार लोखंडापासून घडविलेली मूर्ती त्या २६ वस्तूंत नव्हती. ती १८९४ साली वीदा येथून नेण्यात आली. येथे घडविणाऱ्याचे नाव ठाऊक आहे, हा अपवादच; तरीही मूर्ती फ्रान्सकडेच राहिली. बेल्जियमने २०२२ साली काँगोच्या पंतप्रधानांना सुमारे ८४,००० वस्तूंची यादी दिली. यादी मिळाली, वस्तू बहुतांशी तेथेच आहेत.

तथापि, सगळी पाती उद्या परत आली तरी प्रश्न सुटत नाही. गिनीच्या आग्नेय भागातील सिमांदू पर्वतात जगातील अत्यंत उत्कृष्ट लोहखनिजाचा साठा आहे. सामोरी तुरेचा मुलूख हाच, आणि किस्सी लोकांची सळई जेथे पैसा म्हणून फिरली तो भागही तेथून दूर नाही. २०२५ च्या अखेरीस या खनिजाची निर्यात सुरू झाली. त्यासाठी डोंगरापासून समुद्रापर्यंत ६०० किलोमीटरहून अधिक लांबीचा लोहमार्ग टाकण्यात आला. पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर वर्षाला १२ कोटी टन खनिज जाईल, असे नियोजन आहे. बव्हंशी ते चीनच्या पोलाद कारखान्यांसाठी आहे. भांडवल चिनी आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कंपन्यांचे. खरेदीदाराचा झेंडा बदलला. डोंगर खणावयाचा, माती जहाजात भरावयाची आणि लोखंड दुसऱ्याने करावयाचे, ही कामाची वाटणी बदललेली नाही. सामोरीच्या लोहारांच्या वारसांच्या वाट्याला त्या लोखंडातून काय येते? मोटारीचे भंगार, ज्यावर आजही आफ्रिकेच्या बाजारांत सुरे आणि कुदळी घडतात.

आफ्रिकी माणसाला धातूचे काम येत नाही, या जुन्या समजुतीचे आजचे सभ्य रूप असे आहे: ‘प्रक्रिया तेथे परवडत नाही.’ या वाक्याच्या मागे वीज, बंदरे, कर्जाच्या अटी आणि जकातीचे तक्ते उभे असतात, आणि ते कुणी लिहिले हे विचारावे लागते. आफ्रिकी देशांतील कामगार संघटना आणि डावे पक्ष कच्च्या खनिजाच्या निर्यातीविरुद्ध जी मागणी करीत आहेत, तिच्या पाठीशी भारतातील समाजवाद्यांनी उभे राहावयास हवे. त्याबरोबर भारतीय कंपन्या आफ्रिकेतून कच्चे खनिज उचलतात तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न विचारण्याची तयारी हवी. दुसऱ्याच्या साम्राज्याचा निषेध करून आपल्या भांडवलदाराला सूट देणे समाजवादात बसत नाही. वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीवरचे पाते परत जावे, त्याखाली घडविणाऱ्याचे नाव लागावे, ही मागणी न्याय्यच आहे. ज्या डोंगरातून त्या पात्याचे लोखंड आले, त्या डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा भट्टी पेटावी आणि ती तेथे राबणाऱ्यांच्या मालकीची असावी, ही मागणी तिच्यासोबत गेली पाहिजे.